व्हाइटचॅपल, १८८८: साक्षीदारांनी सांगितलेल्या वेळा किती खऱ्या मानायच्या? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

१८८८ च्या ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल-स्पिटलफिल्ड्स भागात बायकांचे खून झाले. त्यांतले पाच सर्वसाधारणपणे एकाच मारेकऱ्याच्या खात्यावर मांडले जातात. मारेकरी सापडला नाही, आणि तो कोण याचं गुऱ्हाळ अजून चालू आहे. त्या गुऱ्हाळात इथे शिरायचं नाही. इथे प्रश्न फक्त वेळांचा आहे: कोणी काय किती वाजता पाहिलं, ऐकलं, आणि त्यांना ती वेळ कशी कळली. मधोमध ठेवला आहे तो ८ सप्टेंबरचा ॲनी चॅपमनचा खून, कारण तिथे साक्षीदार आणि डॉक्टर समोरासमोर उभे आहेत. बाकीचे खून गरज पडेल तिथे येतील.

खून झाला हे नक्की आहे. मग तासाभरावरून एवढा वाद कशाला?

कारण वेळ ठरली की साक्षीदार ठरतात. चॅपमनला पहाटे साडेचारच्या आधी मारलं असेल, तर बाजाराला निघालेल्या एलिझाबेथ लाँग यांनी साडेपाचला तिच्यासोबत पाहिलेला माणूस मारेकरी नाही. मुळात ती बाईही चॅपमन नाही. साडेपाचच्या सुमाराला मारलं असेल, तर त्या माणसाला पाठमोरं का होईना पाहणाऱ्या लाँगबाई या प्रकरणातल्या सर्वांत महत्त्वाच्या साक्षीदारांपैकी एक ठरतात.

प्रसंगाचा रंगही बदलतो. साडेचारला काळोख होता. साडेपाचला उजाडलं होतं, बाजाराच्या दिशेने माणसं चालली होती आणि ज्या घराच्या मागच्या अंगणात खून झाला त्या घरात सतरा माणसं राहत होती. संशयितांच्या यादीवरही परिणाम होतो, कारण पहाटे पाचला कामावर हजर असलेला माणूस एका वेळेला सुटतो आणि दुसऱ्या वेळेला अडकतो.

त्या सकाळी नेमकं काय काय घडलं?

रात्री पावणेदोनच्या सुमाराला डॉर्सेट स्ट्रीटवरच्या लॉजिंग हाउसमधून चॅपमन बाहेर पडली. खाटेचे पैसे नव्हते, ते मिळवायला ती गेली. त्यानंतरचे काही तास कोरे आहेत.

पावणेपाच ते चार-पन्नासच्या दरम्यान जॉन रिचर्डसन २९, हॅनबरी स्ट्रीट इथे आला. तो बाजारात हमाली करायचा. त्याच्या आईचा पॅकिंगच्या खोक्यांचा धंदा याच घरात होता आणि तळघरात एकदा चोरी झाल्यामुळे कुलूप शाबूत आहे ना, हे पाहायला तो अधूनमधून डोकवायचा. मागच्या दाराच्या पायरीवर बसून त्याने बुटाचं टोचणारं चामडं कापलं आणि तो निघून गेला. प्रेत त्याला दिसलं नाही.

शेजारच्या २७ नंबरात राहणारा आल्बर्ट काडोश हा सुतार सव्वापाचला उठला. पाच-वीसच्या सुमाराला तो अंगणात गेला. परत येताना त्याला कुंपणापलीकडून ‘नो’ असा आवाज ऐकू आला. तीन-चार मिनिटांनी तो पुन्हा अंगणात गेला, तेव्हा कुंपणावर काहीतरी आदळल्याचा आवाज आला. मग तो कामाला निघाला. स्पिटलफिल्ड्सच्या चर्चपाशी आला तेव्हा घड्याळात साडेपाच होऊन दोन मिनिटं झाली होती.

लाँगबाई बाजाराला निघाल्या होत्या. ब्रिक लेनवरच्या ब्लॅक ईगल ब्रुअरीच्या घड्याळाने साडेपाचचा ठोका दिला आणि त्या हॅनबरी स्ट्रीटमध्ये वळल्या. २९ नंबरजवळ एक पुरुष आणि एक बाई बोलत उभी होती. पुरुष म्हणाला, ‘विल यू?’ बाई म्हणाली, ‘येस.’ पुढे शवागारात लाँगबाईंनी चॅपमनला ओळखलं.

त्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारा गाडीवान जॉन डेव्हिस चर्चच्या घड्याळाचा पावणेसहाचा ठोका ऐकून उठला. चहा घेऊन सहाच्या जरा आधी खाली आला आणि मागच्या दारातून त्याने प्रेत पाहिलं. सहा वाजून दोन मिनिटांनी इन्स्पेक्टर जोसेफ चँडलर यांनी धावत येणारी माणसं पाहिली. साडेसहाला पोलिसांचे डॉक्टर जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स पोचले. मृत्यू होऊन ‘निदान दोन तास, बहुधा जास्तच’ झाले असावेत, असं त्यांचं मत पडलं.

मग पेच कुठे आहे?

दोन ठिकाणी. फिलिप्स यांचं मत धरलं तर खून साडेचारला किंवा त्याआधी होतो आणि रिचर्डसन, काडोश, लाँग हे तिघेही उडतात. हा मोठा पेच. दुसरा लहान आहे: काडोशचा आवाज पाच-पंचविसाच्या आसपासचा आणि लाँगबाईंची जिवंत चॅपमन साडेपाचची. जी बाई पाच-पंचविसाला कुंपणावर कोसळली ती साडेपाचला रस्त्यावर गप्पा मारत कशी उभी राहील?

गंमत अशी की चर्चा लहान पेचावर जास्त रंगते आणि मोठ्या पेचात बहुतेक जण आपल्या संशयिताला सोयीची बाजू आधीच घेऊन बसलेले असतात.

त्या काळी गरीब माणसांकडे घड्याळं होती का?

खिशातलं घड्याळ काहींकडे असायचं, पण या वस्तीत ते गहाणवटीच्या दुकानात जास्त आणि खिशात कमी. लोकांना वेळ कळायची ती ऐकून आणि सवयीने. चर्चचे आणि कारखान्याचे ठोके, दुकानाच्या काचेआडचं घड्याळ, कामावर हजर व्हायची ठरलेली घटका, आणि दारावर थाप मारून उठवणारा माणूस. हे उठवण्याचं काम गस्तीवरचे शिपाईसुद्धा करायचे. ३१ ऑगस्टला बक्स रो या रस्त्यावर मेरी ॲन निकोल्सचं प्रेत पाहिलेले दोघे शिपाई मायझनला जाऊन भेटले, तेव्हा तो हॅनबरी स्ट्रीटच्या टोकाला हेच करत होता.

म्हणून साक्षीत वेळ आली की माझा पहिला प्रश्न एकच असतो: हिला किंवा याला ती कशी कळली? ठोका ऐकला, घड्याळ पाहिलं, कोणी सांगितलं, की ‘रोज एवढ्याला निघतो म्हणजे तेवढ्याला पोचलो असणार’ असा हिशेब केला? चारही उत्तरं साक्षीत सारख्याच आत्मविश्वासाने येतात, पण त्यांची किंमत सारखी नसते.

या कसोटीवर डेव्हिस चांगला उतरतो, कारण त्याने ठोका ऐकला होता. लाँगबाईही चांगल्या उतरतात. ठोका ऐकला, आणि साडेपाचनंतर काही मिनिटांतच आपण बाजारात पोचलो असंही त्यांनी सांगितलं, म्हणजे वेळेला दोन बाजूंनी टेकू आहे. काडोशच्या साक्षीत एकच घट्ट खुंटी आहे, चर्चचं घड्याळ. त्याआधीचं सगळं तो त्या खुंटीपासून आणि उठल्याच्या अंदाजापासून मोजतो.

शहरातली सगळी घड्याळं एकच वेळ दाखवत होती का?

कायद्याने हो, कारण १८८० पासून ग्रिनिच वेळ ही ब्रिटनची अधिकृत वेळ होती. प्रत्यक्षात चर्चचं घड्याळ, ब्रुअरीचं घड्याळ आणि कोपऱ्यावरच्या दुकानातलं घड्याळ ज्याचं त्याने लावायचं. दोन-चार मिनिटांची तफावत गृहीत धरल्याशिवाय या प्रकरणाचं वेळापत्रक मांडताच येत नाही. (आपल्याकडे त्याच दशकात मुंबईत याहून मोठा गोंधळ होता. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी शहरावर मद्रास वेळ लादायचा प्रयत्न केला आणि लोकांनी तो हाणून पाडला. मुंबई वेळ आणि मद्रास वेळ यांत अर्धा तास होता! त्या काळच्या मुंबईतल्या कुठल्याही साक्षीत ‘कोणत्या घड्याळाने?’ हे आधी विचारावं लागेल.)

चॅपमन प्रकरणात लाँगबाईंचा ठोका ब्रुअरीचा आहे, काडोश आणि डेव्हिस यांचा चर्चचा. काडोश आणि डेव्हिस यांच्या वेळांची आपसात तुलना निर्धास्तपणे करता येते. लाँग आणि काडोश यांची तशी करता येत नाही, कारण ती दोन वेगळ्या घड्याळांची तुलना आहे.

लाँग आणि काडोश यांचा मेळ घालता येतो का?

येतो, पण थोडी ओढाताण करून. काडोश चर्चपाशी ५:३२ ला होता. घरापासून तिथे चालत जायला चारेक मिनिटं धरली तर तो ५:२८ च्या आसपास घराबाहेर पडला. रस्त्यात एखादा पुरुष आणि बाई आपल्याला दिसली नाही, असं तो सांगतो. म्हणजे लाँगबाईंचं जोडपं एकतर तो बाहेर पडण्याआधी अंगणात गेलेलं होतं किंवा तो गेल्यावर आलं.

पहिली शक्यता घेतली तर लाँगबाईंची वेळ मागे सरकवावी लागते. त्यांनी सव्वापाचचा ठोका साडेपाचचा समजला, असं काही अभ्यासक म्हणतात. तसं झालं असेल तर क्रम सुरेख बसतो: सव्वापाचनंतर जोडपं रस्त्यावर, पाच-वीसच्या पुढे अंगणात ‘नो’, मग आदळल्याचा आवाज. मला हे पटायला जड जातं, कारण बाजारात पोचण्याची वेळही त्यांनी साडेपाचनंतरचीच दिली आहे. एक ठोका चुकीचा ऐकला असेल, पण मग बाजारातली वेळही चुकली असं म्हणावं लागतं.

दुसरी शक्यता घेतली तर काडोशने ऐकलेला आवाज चॅपमनचा नव्हता, किंवा लाँगबाईंनी पाहिलेली बाई चॅपमन नव्हती. यातलं काहीही अशक्य नाही. लाँगबाईंनी स्वतःच सांगितलं की अशा वेळी तिथे उभी असलेली जोडपी नेहमीच दिसतात, म्हणून वळूनही पाहिलं नाही. इतक्या सहज नजरेने पाहिलेला चेहरा पुढे शवागारात ओळखणं ही त्यांच्या साक्षीतली कच्ची बाजू आहे. लोक मात्र त्यांच्या वेळेवर तुटून पडतात.

तिसरी शक्यता सर्वांत नीरस आहे आणि मला तीच जवळची वाटते: दोन घड्याळांत थोडा फरक, काडोशच्या अंदाजांत थोडी गडबड, आणि दोघं मिळून पाच-सात मिनिटं भरून निघतात.

कोरोनरने हा पेच कसा सोडवला?

(कोरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. मुंबईतही विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोरोनरचं न्यायालय होतं, त्यामुळे जुन्या मुंबईकरांना हा शब्द नवा नाही.)

कोरोनर वाइन बॅक्सटर यांनी साक्षीदारांची बाजू घेतली. काडोशच्या हिशेबात पाव तासाची चूक धरली तर विसंगती उरतच नाही, असं त्यांनी समारोपात ज्यूरीला सांगितलं. आणि साक्षीदार खरे असतील तर थंडी व रक्तस्राव यांच्या परिणामाचा अंदाज घेण्यात डॉक्टर चुकले, असंही स्पष्ट म्हटलं.

बॅक्सटर यांचा निष्कर्ष मला मान्य आहे, पाव तास मान्य नाही. काडोश ५:३२ ला चर्चपाशी होता, मग त्याचा अंगणातला आवाज पाव तास पुढे सरकवला तर तो ५:४० ला एकाच वेळी अंगणात आणि बाजाराच्या पलीकडे असायला हवा. खुंटी आहे तिथे दोर फार लांबवता येत नाही.

पोलीस मात्र कोरोनरच्या बाजूने गेले नाहीत. चीफ इन्स्पेक्टर डोनाल्ड स्वॉन्सन यांच्या ऑक्टोबरमधल्या अहवालात डॉक्टरांचं मत खरं असेल तर लाँगबाईंच्या साक्षीकडे संशयानेच पाहावं लागेल, असा सूर आहे.

डॉक्टरांचं मत शास्त्रीय असतं. साक्षीदारांपेक्षा तेच धरायला नको का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून थोडं सविस्तर.

फिलिप्स अनुभवी होते, सावध होते, आणि त्यांच्याबद्दल अनादर दाखवायचं कारण नाही. पण मृत्यूची वेळ सांगण्यासाठी त्यांच्या हातात काय होतं? शरीर गार पडलं होतं, आतल्या अवयवांपाशी थोडी ऊब होती, आणि हातपाय ताठरायला नुकती सुरुवात झाली होती. एवढंच. शरीर किती वेगाने निवतं हे बाहेरच्या हवेवर, कपड्यांवर, अंगलटीवर आणि रक्त किती गेलं यावर अवलंबून असतं. चॅपमनचं पोट उघडं टाकलेलं होतं, रक्त बरंच गेलं होतं आणि सकाळ गारठ्याची होती. तिन्ही गोष्टी शरीर लवकर निववणाऱ्या आहेत. म्हणजे ती प्रत्यक्षात मेली त्याहून आधी मेल्यासारखी ‘वाटणार’.

गारठा आणि रक्तस्राव यांमुळे शरीर लवकर निवतं, ही पुस्ती फिलिप्स यांनी स्वतःच जोडली होती. ती कशाला लागू होते यावर वाद आहे. काहींच्या मते ती फक्त ‘बहुधा जास्तच’ या भागाला लागू आहे आणि ‘निदान दोन तास’ हे त्यांनी ठामपणे सांगितलं होतं. कोरोनरने ती संपूर्ण अंदाज सैल करणारी मानली. मी कोरोनरसोबत आहे, कारण दुसरा अर्थ घेतला तरी शास्त्र त्याच्या मदतीला येत नाही. आज थर्मामीटरने शरीराचं आतलं तापमान मोजून, तापमानावरून मृत्यूची वेळ काढणाऱ्या हेन्सगे यांच्या आलेखावर मांडून, परिस्थिती सर्वांत अनुकूल असतानाही अंदाज सुमारे २.८ तास मागेपुढे धरावा लागतो. या हिशेबात ‘साडेचार’ आणि ‘साडेपाच’ यांतला एक तास कुठल्या कुठे बुडून जातो.

पोटातल्या अन्नावरूनही वाद घातला जातो, कारण चॅपमनने रात्री बटाटा खाल्ला होता. त्यात वेळ घालवू नये. पचनाचा वेग माणसागणिक इतका बदलतो की त्यातून तास काढणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

थोडक्यात, डॉक्टरांचं मत हीसुद्धा एक साक्षच आहे, आणि ‘वेळ कशी कळली?’ हा प्रश्न त्यांनाही विचारायचा. उत्तर ‘स्पर्शावरून आणि अनुभवावरून’ असं येतं. ठोका ऐकणाऱ्या बाजारकरणीच्या उत्तरापेक्षा ते वरचढ का मानायचं, हे मला कोणी अजून पटवून दिलेलं नाही.

रिचर्डसनची साक्ष फिरत गेली, मग ती का धरायची?

फिरली हे खरं आहे. इन्स्पेक्टर चँडलर यांच्या म्हणण्यानुसार त्या सकाळी त्याने फक्त कुलूप पाहिल्याचं सांगितलं, पायरीवर बसून बूट कापल्याचं नाही. चौकशीत ते आलं. मग ज्या सुरीने कापलं ती आणायला त्याला घरी पाठवलं, तर सुरी बोथट निघाली. शेवटी त्याने सांगितलं की काम नीट झालं नाही आणि बाजारात दुसरी सुरी मागून घेतली.

त्याच्या बाबतीत मिनिट महत्त्वाचं नाही. पावणेपाच काय आणि चार-पन्नास काय, दोन्ही फिलिप्स यांच्या वेळेनंतरचे आहेत. महत्त्वाचं आहे ते तो कुठे होता. नुसता दारात उभा राहिला असेल तर उघडणाऱ्या दाराने डावीकडचा कोपरा झाकला असेल आणि प्रेत तिथे असूनही दिसलं नसेल. पायरीवर बसला असेल तर ते त्याच्या पायापासून हातभर अंतरावर असतं. मग न दिसणं जवळपास अशक्य. उजाडायला लागलं होतं, सूर्योदयाला अर्धा-पाऊण तास होता, आणि ‘सगळं दिसत होतं’ असं तो म्हणतो. त्या दिवशी सूर्योदय ५:२४ च्या सुमाराचा होता, तेव्हा हे पटण्यासारखं आहे. माझ्या मते तो बसला होता. बूट कापण्याची गोष्ट उगाच रचण्याइतकी कामाची नाही. उलट तिने त्याला हातात सुरी देऊन त्याच अंगणात बसवलं, जे कुठल्याही खोटारड्याने टाळलं असतं.

साक्षीदार खोटं बोलत होते का?

या प्रकरणात वेळेबाबत तरी कोणी बोलल्याचं दिसत नाही.

पोलिसांच्या वेळा तरी पक्क्या मानायच्या ना? त्यांची गस्त ठरलेली असायची.

गस्त ठरलेली होती म्हणूनच जरा जपून. शिपायाने ठराविक चालीने, ताशी अडीच मैलांच्या वेगाने, ठराविक फेरी मारायची. वेळेवर नसलेल्या शिपायाला शिक्षा होती. त्यामुळे ‘मी वेळेवर होतो’ असं सांगण्यात त्याचा फायदा होता.

बक्स रोचंच उदाहरण घ्या. शिपाई नील सांगतो की पावणेचारला प्रेत सापडलं. शिपाई थेन सांगतो की पावणेचारला नीलने कंदिलाने खूण केली. शिपाई मायझन सांगतो की पावणेचारला दोन माणसं येऊन त्याला भेटली. पण मायझन तिथून तीनेक मिनिटांच्या अंतरावर होता आणि ती दोन माणसं प्रेतापासूनच चालत आली होती. त्यांच्यापैकी रॉबर्ट पॉलने एका वर्तमानपत्राला सांगितलं की बक्स रोमध्ये शिरलो तेव्हा बरोबर पावणेचार झाले होते. चौघांचेही पावणेचार अक्षरशः खरे धरले तर पॉल एकाच क्षणी दोन ठिकाणी होता. ‘पावणेचार’ म्हणजे इथे ‘साडेतीन आणि चार यांच्या मधलं’ इतकंच. चौघांचं एकमत आहे म्हणून ती वेळ भक्कम, असं नाही. चौघांनीही जवळचा गोल आकडा उचलला आहे. बॅक्सटर यांनी इतक्या स्वतंत्र पुराव्यांनी ती वेळ पक्की होते असं म्हटलं. मला त्या पुराव्यांचं स्वातंत्र्य तेवढंसं दिसत नाही.

चार्ल्स क्रॉसच्या ‘हरवलेल्या मिनिटांचं’ काय?

निकोल्सचं प्रेत पहिल्यांदा पाहणारा गाडीवान क्रॉस (खरं आडनाव लेचमिअर) साडेतीनच्या सुमाराला घरून निघाला. बक्स रो सात-आठ मिनिटांवर. मग पावणेचारपर्यंतची उरलेली मिनिटं त्याने काय केली, असा सवाल हल्ली जोरात विचारला जातो, आणि त्यावरून त्याला मारेकरी ठरवलं जातं.

हा हिशेब कागदावर झकास दिसतो. पण ‘साडेतीनच्या सुमाराला’ आणि ‘पावणेचार’ या दोन गोल आकड्यांची वजाबाकी करून मिनिटं काढायची, आणि त्या मिनिटांत खून बसवायचा, याला मी तरी पुरावा म्हणणार नाही. पावणेचारची वेळ क्रॉसने प्रेत पाहिल्याची नसून नीलने पाहिल्याची असू शकते, आणि तो नंतर आला. शिवाय काही वर्तमानपत्रांत क्रॉसची निघण्याची वेळ साडेतीन आहे आणि एका ठिकाणी तीन-वीस. तीन-वीस धरलं तर हरवलेली मिनिटं आणखी दहाने वाढतात. एका बातमीदाराच्या कानावर कोणाची फाशी ठरू नये.

मिनिटांवर विश्वास ठेवावा असा एखादा खून आहे का?

मायटर स्क्वेअर, ३० सप्टेंबर. कॅथरिन एडोजला बिशप्सगेट पोलीस ठाण्यातून रात्री एकच्या सुमाराला सोडलं. ठाण्यातून सुटताना तिने किती वाजले विचारलं होतं. दीडला शिपाई वॉटकिन्स चौकातून गेला तेव्हा चौक रिकामा होता. जोसेफ लॉवेंडे आणि त्याचे दोन मित्र ड्यूक स्ट्रीटवरच्या क्लबातून पाऊस थांबायची वाट पाहून निघाले. चौकात जाणाऱ्या चर्च पॅसेज या बोळाच्या तोंडाशी एक पुरुष आणि बाई उभी होती. लॉवेंडेची वेळ १:३५ ची, आणि ती क्लबच्या घड्याळाशी व स्वतःच्या खिशातल्या घड्याळाशी पडताळलेली. या सगळ्या प्रकरणात इतकी स्वच्छ वेळ क्वचितच सापडते. १:४१-४२ ला शिपाई हार्वी त्याच पॅसेजच्या आतल्या टोकापर्यंत येऊन वळला, त्याला काही दिसलं नाही. १:४४ ला वॉटकिन्सला प्रेत सापडलं.

१:४४ हा आकडा ऐकायला काटेकोर वाटतो. पण वॉटकिन्स स्वतः सांगतो की फेरीला बारा ते चौदा मिनिटं लागतात. दीडमध्ये चौदा मिळवले की १:४४ होतात, त्यामुळे ही वेळ पाहिलेली की मोजलेली, अशी शंका मला येते. तरी ती फार चुकलेली नसावी. शेजारच्या गोदामाचा पहारेकरी मॉरिस पावणेदोन सांगतो, १:५५ ला ठाण्यात खबर पोचली आणि इन्स्पेक्टर कॉलर्ड दोन वाजून दोन-तीन मिनिटांनी चौकात होते. पुढची साखळी घट्ट असली की मागच्या कडीला आधार मिळतो. त्याच रात्री बर्नर स्ट्रीटवर झालेल्या एलिझाबेथ स्ट्राइडच्या खुनातही हेच दिसतं. प्रेत पाहणाऱ्या डीमशुट्झने दुकानातल्या घड्याळात एक वाजलेला पाहिला आणि डॉक्टर ब्लॅकवेल यांनी पोचताच खिशातून घड्याळ काढून १:१६ ची नोंद केली. या दोन खुंट्यांमध्ये बाकीचे सगळे ‘एकच्या सुमाराला’ टांगता येतात.

मूळ कागदपत्रं पाहून वेळा तपासता येतील का?

एडोज आणि मेरी जेन केली यांच्या चौकशीचे अधिकृत कागद उरले आहेत. निकोल्स, चॅपमन आणि स्ट्राइड यांचे नाहीत. म्हणजे लाँगबाईंची साक्ष आपण बातमीदारांच्या लेखणीतून वाचतो आहोत. एकच वर्तमानपत्र वाचून वेळ उद्धृत करू नये. तीन-चार वृत्तांत शेजारी ठेवा. एकाच बातमीवरून दोघांनी छापलेलं असेल तर ते दोन नव्हेत, एकच समजा.

कॅरोलिन मॅक्सवेल यांचं काय करायचं?

९ नोव्हेंबरला पावणेअकराला केलीचं प्रेत तिच्या खोलीत सापडलं. रात्री ‘मर्डर’ अशी आरोळी दोघींनी ऐकली होती, साधारण साडेतीन ते चारच्या दरम्यान. सेरा लुईस यांनी तर चर्चचा साडेतीनचा ठोका ऐकून ती वेळ बसवली. आणि मॅक्सवेलबाई शपथेवर सांगतात की सकाळी आठ-साडेआठला केली तिच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी उभी होती, त्यांच्याशी बोलली. साक्ष इतरांशी जुळत नाही, तेव्हा जपून बोला, असं कोरोनरने बजावलं. बाई बधल्या नाहीत.

त्यांच्या वेळेवर हल्ला करणं मला चुकीचं वाटतं. नवरा कामावरून परतण्याच्या वेळेशी ती जोडलेली आहे आणि ती वेळ चुकायचं काही कारण दिसत नाही. चूक असेल तर ती दुसरीकडे आहे. त्या केलीला अगदी थोडी ओळखत होत्या. म्हणजे एकतर त्यांनी दुसऱ्याच कोणाला केली समजलं, किंवा ही भेट आदल्या दिवशीची होती. घड्याळ बरोबर, माणूस किंवा दिवस चुकीचा. ही शक्यता लाँगबाईंच्या बाबतीतही तितकीच खुली आहे, आणि त्यांच्या साडेपाचवर वाद घालणारे तिच्याकडे फारसे वळत नाहीत.